बदलीवरची बाई

बटाटे काढायला सुरुवात झाली आणि शाळेत तापाची साथ आली, दोन्ही एकदमच. घरातल्या सगळ्यांचा हंगाम जमिनीखाली होता, धाकटीचा लोकांच्या अंगात. कुणी मास्तर, कुणी बाई तापाने अंथरूण धरायची आणि मग हेडमास्तरांचा फोन यायचा, या, वर्ग सांभाळायला. एरवी वर्षभर तिला शाळेत कुत्रं विचारत नसे. थंडी पडून माणसं शिंकायला लागली की तिची किंमत वाढायची. सासू म्हणायची, "गावाला हुडहुडी भरली की आमच्या धाकटीला बाळसं येतं."

थोरली जाऊ त्याच शाळेत कायमची होती. तिसरीचा वर्ग तिचा. घरावरचे नवे पत्रे आणि विहिरीवरचा पंप तिच्या नोकरीचे, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण जेवायला बसताना आधी ताट कुणाला जायचं ते त्यावरच ठरायचं. शेतात तिने कधी पाय ठेवला नाही. धाकटी आणि तिचा नवरा सऱ्या उकरायचे, थोरला दीर ट्रॅक्टरवर, आणि सासू पत्र्याच्या शेडमध्ये पालथ्या खोक्यावर बसून बटाटे निवडायची. चांगला एकीकडे, कुदळ लागलेला एकीकडे, हिरवा पडलेला तिसरीकडे. हात चालायचे तसंच तोंडही.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की शेताचं दुसरं टोक दिसत नव्हतं. धाकटी पाण्याला टाकीपाशी आली तेव्हा थोरली तिथे वाकून उभी होती. एक हात टाकीच्या कडेवर, दुसऱ्याने तोंडावर पाणी मारत होती. अंगात शाळेचे इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, आणि एवढ्या थंडीत मानेवर घाम.

"जाऊबाई, ताप आहे तुम्हाला."

"नाही."

"पहाटेपासून खोकताय. आपली भिंत काय एवढी जाड आहे का?"

थोरलीने तोंड पुसलं. "भिंतीला कान लावून बसतेस होय? मी कधी पडते त्याची वाट बघत."

"काळजीने विचारलं मी."

"काळजी!" थोरलीने रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली. "माझ्या तापावर तुला तुझी पोळी भाजून घ्यायचीय. आंधळी नाही मी. माझा वर्ग मी आजवर एक दिवस सोडलेला नाही आणि सोडणार नाही."

ती निघाली. फाटकापर्यंत ताठ चालली. पुढे धुक्यात गेल्यावर आपण कुणाला दिसत नाही असं वाटून ती कुंपणाला धरून उभी राहिली. धाकटीला ते दिसलं.

धाकटीच्या फोनची घंटा वाजली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. चित्रकलेचे सर तापले होते. तिने टाकीवर हात धुतले, पण नखांतली माती निघेना. फुटलेल्या बोटांना गार पाणी झोंबत होतं.

"जा तू," नवरा म्हणाला. "मी ओढतो तुझ्या सऱ्या."

ट्रॅक्टरवरून दीर म्हणाला, "ओढ बाबा, ओढ. पाऊस काय हिची शाळा सुटायची वाट बघत थांबणार आहे?"

शाळेच्या फाटकावर शिपाई ताप मोजायची बंदूक घेऊन उभा होता. आजूबाजूच्या सगळ्या शाळा एका मंडळाच्या ताब्यात, आणि ही बंदूक मंडळानेच धाडली होती. सोबत आलेला नियमांचा कागद फाटकाला चिकटवलेला होता. ताप असेल त्या विद्यार्थ्याने व कर्मचाऱ्याने घरी थांबावे. ताप उतरून एक दिवस गेल्याशिवाय शाळेत येऊ नये. शिपायाने धाकटीच्या कपाळाला बंदूक लावली.

"सगळ्या शिक्षकांना लावता?" तिने विचारलं.

"छे! कायमच्या बाईंच्या कपाळाला बंदूक लावू? मला नोकरी करायचीय." त्याने आकडा बघून मान हलवली. "बदलीवरच्यांना लावायला सांगितलंय. जा."

तापलेल्या मुलांना पत्र्याखालच्या वऱ्हांड्यात चटईवर बसवत. आईबाप न्यायला येईपर्यंत तिथेच. आईबाप सगळे बटाट्यांत. वारा सरळ आत यायचा. पोरं एकमेकांना चिकटून, दप्तरं पोटाशी धरून बसली होती. चित्रकलेच्या वर्गाला कागद रंगवायला देऊन धाकटी वऱ्हांड्यात आली, कारण एक मुलगी भडाभडा ओकत होती. तिने मुलीचं तोंड पुसलं, स्वेटरची बाही धुतली, फरशीवर राख टाकली.

"कुठल्या वर्गात तू?"

"तिसरीत."

शेजारचा मुलगाही तिसरीतला. त्याच्या पलीकडचे दोघेही.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तिच्यासाठी दाराजवळचं स्टूल होतं. खुर्च्यांवर ज्याच्या त्याच्या पिशव्या, रजेवर असलेल्यांच्या खुर्च्याही रिकाम्या राहत, पण त्यांच्यावर बसायचं नाही, हे तिला पहिल्याच वर्षी समजलं होतं. चहा आला तो मोजून. तिच्यापाशी येताना किटली संपली. चहावाल्याने किटली वाकडी करून दाखवली, जणू तिनेच ती संपवली होती.

हेडमास्तर मंडळाचं वार्तापत्र वाचायला उभे राहिले. दर आठवड्याला ते त्यांच्या फोनवर येई आणि ते मोठ्याने वाचून दाखवत, देवळातल्यासारखा आवाज काढून. "मंडळाच्या सर्व शाळांमध्ये तापाची साथ पूर्णपणे आटोक्यात आहे." कुणीतरी खोकलं. "पलीकडच्या शाळेतील लिपिक निवृत्त होत आहेत, त्यांना शुभेच्छा. गायनाच्या शिक्षिकांना जुळे झाले, अभिनंदन." मग ते थांबले, चष्मा सारखा केला. "आणि आपल्या शाळेसाठी अत्यंत अभिमानाची बातमी. नोकरीला लागल्यापासून एकही रजा न घेतलेल्या मंडळातील एकमेव शिक्षिका, आपल्या तिसरीच्या बाई! पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी अध्यक्षसाहेब स्वतः येऊन त्यांचा सत्कार करणार आहेत."

टाळ्या पडल्या. थोरली उठली. डोळे लाल, गाल पेटलेले, एका हाताने टेबल घट्ट धरलेलं. "मी काही विशेष केलं नाही. कर्तव्य," ती म्हणाली आणि खाली बसली. बसताना खुर्ची कुठे आहे ते तिने आधी हाताने चाचपलं.

टाळ्या धाकटीनेही वाजवल्या.

शाळा सुटायच्या आधी ती हेडमास्तरांच्या खोलीत गेली. जाताना तिच्या मनात एकच गोष्ट होती असं नव्हे. वऱ्हांड्यातली पोरं होती, तशी तिसरीच्या फळ्यापुढे आपण उभ्या आहोत हेही होतं. दोन्ही वेगळं करायला तिला वेळ नव्हता.

"सर, तिसरीच्या बाईंना ताप आहे. अंग भाजतंय त्यांचं."

हेडमास्तरांनी मान वर केली नाही. "तुम्हाला काय माहीत?"

"एका घरात राहतो आम्ही. जावा आहोत, तुम्हाला ठाऊकच आहे."

"अस्सं." आता त्यांनी बघितलं. "आणि त्या घरी बसल्या तर तिसरीवर कोण येणार?"

नखांतली माती दिसू नये म्हणून तिने मुठी मिटल्या.

"बोला ना बाई. कोण येणार?"

"तुम्ही बोलावलंत तर... मी."

"मग झालं तर!" त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. "नाटक कळलं. घरची धुणी घरी धुवा. शाळेच्या नळावर नको."

"सर, वऱ्हांड्यातली पोरं एकदा बघून या. बहुतेक सगळी तिसरीची आहेत."

"थंडीत पोरं तापतातच. मी इथे वीस वर्षं काय गवत उपटतोय?" त्यांनी आवाज खाली आणला. "अध्यक्ष येतायत शनिवारी. मंडपाचं, माइकचं सगळं ठरलंय. आणि बदलीला बोलवायला माझ्याकडे दुसरी माणसं नाहीत असं समजू नका. या आता."

ती घरी पोचली तेव्हा दिवस कलत होता आणि पोती ट्रॉलीवर चढत होती. तिने कपडे बदलले, कुदळ घेतली. थोडा वेळ गेला असेल नसेल, थोरली बांधावर आली. शाळेच्या बुटांनी ती सरळ चिखलात उतरली. मजुरीला आलेल्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या.

"सांगून आलीस?"

"जाऊबाई, आत जाऊन बोलू."

"का? सरांपुढे बोलताना आत-बाहेर आठवलं नाही ते! सगळी शाळा मला मान देतेय, आणि माझ्याच घरातली बाई जाऊन सांगते, हिला ताप आहे, हिला हाकला, मला बसवा!"

"तुमच्या वर्गातली पोरं वऱ्हांड्यात ओकतायत."

"माझ्या वर्गातली पोरं मी बघेन! तू कोण? चार दिवस खडू हातात धरलास म्हणून मास्तरीण झालीस?"

दीर ट्रॅक्टरवरून उतरला. "कानामागून आली आणि तिखट झाली," तो म्हणाला आणि भावाकडे वळला. "बायकोला जरा आवर रे."

धाकटीच्या नवऱ्याने खांद्यावरचं पोतं ट्रॉलीत टाकलं. पाठ फिरवूनच म्हणाला, "गप्प बसायचं होतंस गं. कशाला गेलीस?"

एवढं मात्र तिला लागलं. बाकीच्यांचं ती धरूनच चालली होती.

"आता पुरे!" शेडमधून सासू ओरडली. "दोघी एकाच माळेचे मणी. एकीला खुर्ची सोडवत नाही, दुसरीला खुर्ची दिसली की राहवत नाही. माणसं हसतायत! आणि दव पडायला लागलंय, बटाटे झाका कुणीतरी."

थोरलीच्या अंगातलं बळ एवढ्यातच संपलं. ती शेडमध्ये जाऊन सासूशेजारी बटाट्यांच्या ढिगाला टेकली. दम लागून ती खोकत राहिली, तोंडावर हात धरायचंही भान नव्हतं. सासूने तिची पाठ चोळली, आपल्या गडव्यातलं पाणी पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली. "माझी गुणाची ती," म्हणाली. "नजर लागली मेल्यांची."

त्या आठवड्यात धाकटीशी घरात कुणी धड बोललं नाही. ताट पुढे सरकवलं जायचं, शब्द नाही. थोरली रोज शाळेत जात होती. ताप हळूहळू उतरला तिचा, कणखर होती बाई. तिसरीचे बाक मात्र रिकामे होत गेले. शिपायाने रस्त्यात सांगितलं, हजेरी घ्यायला आता बाईंना दम लागत नाही.

आणि सासू पडली.

आधी तिने कबूल केलं नाही. खोक्यावर बसून निवडत राहिली, पण चांगले बटाटे हिरव्यांत टाकायला लागली तेव्हा धाकटीने तिच्या हातातून टोपली काढून घेतली. हात निखाऱ्यासारखा होता. आत नेऊन निजवलं. दुपारपर्यंत तिला उठून बसणंही जमेना.

तेवढ्यात फोन आला. गणिताच्या सरांनी अंथरूण धरलं होतं.

"सर, घरी सासूबाई आजारी आहेत. आज जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंची सासू तीच ना? त्या बऱ्या येतात रोज."

"त्या येतात म्हणूनच मला येता येत नाही, सर."

"जिभेला हाड नाही तुमच्या. ठीक आहे. तुमचं नाव मी यादीतून काढतोय. परत विचारायला येऊ नका."

फोन बंद झाला. सासू पलंगावरून बघत होती. "कुणाचा गं?"

"कुणाचा नाही. कूस बदला."

म्हातारीचं अंग हाडापेराने मोठं. तिला वळवायचं म्हणजे गुडघा पलंगावर टेकून, दोन्ही हात पाठीखाली घालून ओढावं लागे. पांघरुणं ओली व्हायची, ती धुवायची, धुक्यात वाळायची नाहीत, मग चुलीसमोर धरून बसायचं. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. पातळ भात चमच्याने घालायचा, अर्धा हनुवटीवरून खाली. आणि एवढं होऊनही म्हातारीचा पीळ गेला नव्हता. "हात केवढे खरबरीत तुझे. खरवडून काढतेस की काय मला? थोरलीचे हात मऊ आहेत."

"बोलवू त्यांना?"

"नको. शिकवून दमून येते बिचारी."

थोरली संध्याकाळी दारात उभी राहायची, विचारायची, "कसं आहे आता?" आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच आत निघून जायची. शनिवारच्या भाषणाची तयारी चालली होती तिची. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "माझ्या या यशामागे... माझ्या या यशामागे..."

शनिवारी आभाळ खाली आलं होतं. दीर सकाळीच नवे कपडे घालून बायकोबरोबर सत्काराला गेला. धाकटीचा नवरा एकटाच ट्रॉलीत पोती भरत होता. धाकटीने आतून हाक मारली, तशी हाक तिने कधी मारली नव्हती.

म्हातारीचे ओठ काळेनिळे पडले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण हवा कुठे जात होती कोण जाणे. दोघांनी तिला गादीसकट उचललं. पोती उतरवायला वेळ नव्हता, पोत्यांवरच गादी टाकली. धाकटी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ट्रॅक्टर खड्ड्यात गेला की खालचे बटाटे सरकायचे आणि म्हातारी कण्हायची.

दवाखान्याला जायचा रस्ता शाळेवरूनच होता. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला पाट. फाटकासमोर अध्यक्षांची गाडी आडवी उभी होती. नवऱ्याने हॉर्न वाजवला. आत माइक सुरू होता, हॉर्न त्यात बुडून गेला. पुन्हा वाजवला. फाटकातल्या शिपायाने तोंडावर बोट ठेवून गप्प राहण्याची खूण केली.

धाकटी खाली उतरली. म्हातारीचं डोकं पोत्याला टेकवून ती आत शिरली. पटांगणात पोरं रांगेने बसवलेली, निम्मी खोकत होती. ती रांगांमधून मंडपाकडे गेली. पायात चिखल, अंगावर ओकारीचे डाग असलेला स्वेटर. व्यासपीठावर थोरली मधल्या खुर्चीत, मांडीवर फुलांचा गुच्छ. शेजारी अध्यक्ष. हेडमास्तर माइकवर सांगत होते की साथीच्या काळात मंडळाने विद्यार्थ्यांच्या आरोग्याला सर्वोच्च स्थान दिलं आहे.

ती व्यासपीठाच्या कडेशी थांबली. "जाऊबाई, आईंना श्वास घेता येत नाहीये. दवाखान्यात नेतोय. बाहेर गाडी आडवी आहे, काढायला सांगा."

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. तिने गुच्छ हातात घेतला, उठल्यासारखी झाली. मग तिने हेडमास्तरांकडे बघितलं, पुढच्या रांगेत बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"तू हो पुढे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हे संपलं की येतेच मी."

अध्यक्षांनी हेडमास्तरांना विचारलं, "कोण या बाई?"

"बदलीवरची आहे साहेब. आता तीही नाही." मग माइकवर ते हसून म्हणाले, "अध्यक्षसाहेबांच्या ड्रायव्हरने गाडी जरा बाजूला घ्यावी. बाहेर बटाट्याची ट्रॉली अडकली आहे."

लोक हसले.

धाकटी तशीच उभी राहिली. "ट्रॉलीत माणूस आहे," ती म्हणाली. पण तिच्यापाशी माइक नव्हता. पुढच्या रांगेतल्या दिराने मात्र ऐकलं असणार, कारण त्याने मान खाली घातली आणि बुटाची नाडी बांधायला घेतली.

दवाखान्यात म्हातारीच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. डॉक्टरीणबाई धाकटीवर खेकसली, "आणखी जरा थांबायचं होतंत! इतक्या उशिरा आणतात का कुणी? घरात आधी कुणाला ताप होता?" धाकटीने सांगितलं. "मग त्यांना वेगळं ठेवलं नाहीत? शिकलेल्या दिसता तुम्ही." पलंगाखाली चटई टाकून ती राहिली. मूत्राचं भांडं तिच्याकडे, पाण्याचं भांडं तिच्याकडे, औषधाच्या वेळा तिच्याकडे. थोरली एकदा आली. नाकाला रुमाल धरून दारातच थांबली. "मला मुलांमध्ये जावं लागतं," म्हणाली, "इथे फार वेळ उभं राहून चालणार नाही." म्हातारीने पलंगावरून तिला हात दाखवला, जा, जा, काळजी घे.

तिकडे शेतावर पाऊस आला. शेवटच्या सऱ्या जमिनीतच राहिल्या आणि पाण्यात बसल्या. दीर दवाखान्याच्या पायरीवर भावाला म्हणाला, "घरातले दोन हात इथे अडकवून ठेवलेस, आता काढ कुजके बटाटे." बायकोच्या बाजूने भाऊ बोलला तो तेव्हा, पहिल्यांदा आणि एकच वाक्य. "दादा, ट्रॉलीवर तुझी आई होती."

म्हातारी वाचली. चिवट होती. घरी आली ती मात्र पलंगावरच. पायात जोर नव्हता, सगळं जागेवर करावं लागत होतं.

घरी आल्याच्या संध्याकाळी दीर तिच्या उशाशी येऊन बसला. हातात थोरलीचा फोन, तोंडावर हसू. "आई, ऐक. मंडळाच्या पत्रकात आपलं घर आलंय." आणि त्याने वाचलं. "सत्कारमूर्ती शिक्षिकेच्या घरी वयोवृद्ध सासूबाई गंभीर आजारी असताना, त्यांची अहोरात्र सेवा करूनही बाईंनी आपला वर्ग एक दिवसही रिकामा ठेवला नाही. त्यांच्या सेवेमुळेच सासूबाई आज सुखरूप घरी परतल्या आहेत. अशा शिक्षिका हीच मंडळाची संपत्ती."

धाकटी म्हातारीला भात भरवत होती. चमचा म्हातारीच्या तोंडाजवळ थांबला. थोरली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिची नजर जमिनीवर होती, पण हे मी लिहायला सांगितलं नाही असं ती म्हणाली नाही.

"पुन्हा वाच," म्हातारी म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं, या वेळी आणखी मोठ्याने.

"छान लिहिलंय," म्हातारी म्हणाली. "चार गावांत घराचं नाव झालं."

"आणि मी, आई?" धाकटीने विचारलं. आवाज चढला नव्हता तिचा.

"तुझं काय आता? घरातलं माणूस घरातलं करतंच. ते काय छापून आणायचं असतं? उगाच प्रत्येक गोष्टीत तोंड वाकडं करायची सवय तुझी. भर तो चमचा."

धाकटीने चमचा भरला, भरवला. वाटी संपेपर्यंत भरवलं. हनुवटी पुसली. वाटी घासून पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेडमधला कुजका ढीग झाडून बाहेर काढला, कोपऱ्यात विटा मांडल्या आणि आपलं तवा-पातेलं तिथे आणून ठेवलं. नवरा गोठ्यातून येऊन बघत उभा राहिला.

"आजपासून?"

"आजपासून."

त्याने लाकडं आणून दिली. मग म्हणाला, "आणि आई?"

"त्यांची सेवा करणारं माणूस घरात आहे. पत्रक वाचलं नाहीत का?"

चूल धुमसत होती, लाकडं ओली होती. तेवढ्यात आतून हाक आली. "धाकटे! अगं धाकटे, पांघरूण ओलं झालंय. गारठले मी."

धाकटी फुंकर घालत राहिली.

"ऐकू येत नाही का गं? मेली का सगळी?"

थोरली पर्स खांद्याला लावून, बुटात पाय घालत ओसरीवर आली. तिने शेडकडे बघितलं. दीर ट्रॅक्टर घेऊन केव्हाच गेला होता.

"आई हाक मारतायत तुला."

"मला नाही. ज्यांनी सेवा केली त्यांना मारत असतील."

"हे बघ, मला उशीर होतोय."

"मला नाही होत. मला कुणी बोलावलेलंच नाही."

"म्हातारं माणूस आहे. ओल्यात पडलंय. तुला लाज नाही वाटत?"

धाकटीने फुंकणी खाली ठेवली. "वाटते. पण मी उठणार नाही."

नवरा मध्ये काही बोलायला गेला. तिने त्याच्याकडे बघितलं, तो लाकडं रचायला वळला.

आत म्हातारी आता रडत होती, रडता रडता शिव्या देत होती, दोघींना आणि दोघींच्या माहेरांना. थोरली ओसरीवर उभी राहिली. एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा आत. मग तिने पर्स खांद्यावरून काढली. फोन काढला. तिचा आवाज चाचरला, कारण हे वाक्य तिने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

"सर... आज मी येऊ शकत नाही." पलीकडून बरंच बोलणं झालं. "नाही, ताप नाही. घरी... हो. हो सर, मला कळतंय मंडळाला काय वाटेल." मग तिने फोन कानापासून दूर धरला आणि शेडकडे न बघता विचारलं, "विचारतायत, तू जाशील का तिसरीवर?"

चुलीतलं लाकूड एकदाचं पेटलं.

"त्यांना सांगा, माझं नाव यादीतून त्यांनीच काढलंय."

धाकटी उठली, कुदळ घेतली आणि शेतात गेली. तिसरीवर त्या दिवशी कुणीच गेलं नाही. शिपायाने उरलीसुरली पोरं पटांगणात बसवून ठेवली, हे तिला नंतर समजलं.

पाण्यात बसलेल्या सऱ्यांतून कुजका वास येत होता. कुदळ मारली की बटाट्याचा नुसता लगदा वर यायचा, दहांत एखादा धड. तो ती पुसून पोत्यात टाकत होती. वारा घराकडून येत होता, त्याबरोबर म्हातारीचा आवाज येत होता. "अगं हळू! असं ओढतात का? गुडघा टेक पलंगावर. हात घाल पाठीखाली. काय गं हे हात तुझे, केवढे गार! जा, पाणी तापवून आण."

बादली आपटल्याचा आवाज झाला. थोरली काहीतरी बोलली, ते कळलं नाही.

धाकटीला हसू यायला हवं होतं. खोकला आला. कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात टेकून ती वाकली, आणि खोकला थांबेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली. मग तिने कपाळ स्वतःच्या मनगटाला लावून बघितलं. मनगट गार होतं, म्हणून कपाळाचा ताप तिला लगेच समजला. सरीचं टोक अजून लांब होतं. तिने कुदळ उचलली.